रक्तातल्या खुणा (लेखांक ५) : गाठ काढली, मागे काय उरलं?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन नीट पार पडतं. आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो : कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, लसिका ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेला नाही, म्हणजे दुसरा टप्पा. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. आणि मग ओपीडीत डॉक्टर म्हणतात, "आता केमो द्यायची की नाही, ते ठरवू."

गाठ तर काढली, मग केमो कशासाठी? दुसऱ्या टप्प्यातल्या शंभर रुग्णांपैकी साधारण ऐंशी जण फक्त शस्त्रक्रियेने बरे होतात. उरलेल्यांच्या शरीरात ऑपरेशनच्या वेळीच काही पेशी कुठेतरी जाऊन बसलेल्या असतात. स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत, सर्जनच्या हाताला लागत नाहीत. शंभरच्या शंभर जणांना केमो दिली, तर तिचा खरा फायदा तीन-चार जणांना होतो. बाकीच्यांच्या वाट्याला उलट्या, थकवा आणि घटलेल्या पांढऱ्या पेशी येतात. ऑक्झॅलिप्लॅटिन दिलं असेल तर हातापायांना मुंग्या येतात आणि थंड पाण्याला बोट लावलं तरी झिणझिण्या उठतात. काहींच्या बाबतीत हा त्रास वर्षानुवर्षं राहतो. ज्याला गरज नाही त्याला हे सगळं का सोसायला लावायचं, आणि गरज आहे तो कोण हे ओळखायचं कसं? रक्तातल्या खुणांचा माझ्या मते सगळ्यात मोलाचा उपयोग इथे आहे, म्हणून आजचा पूर्ण लेख या एका प्रश्नासाठी ठेवला आहे.

सुरुवात जुन्या आणि स्वस्त तपासणीपासून करू. १९६५ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या कर्करोगात एक प्रथिन सापडलं. तेच प्रथिन गर्भाच्या पचनसंस्थेतही होतं. त्याला त्यांनी कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन म्हटलं. आज आपल्या तालुक्याच्या लॅबमधल्या रिपोर्टवरही ते सीईए म्हणून छापलेलं असतं. बहुतेक लॅबमध्ये ५ नॅनोग्रॅमपर्यंतचा आकडा सामान्य मानतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तो काहीही आजार नसताना थोडा वर असू शकतो. यकृताच्या आजारात वाढतो. केमो सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तात्पुरताही वाढतो. शिवाय काही गाठी सीईए तयारच करत नाहीत.

म्हणून हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीईए घालून विकणं मला सरळ चुकीचं वाटतं. निरोगी माणसाचा आकडा साडेसहा आला की त्याची महिनाभराची झोप उडते, कोलोनोस्कोपी होते, सीटी स्कॅन होतो, आणि बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. उलट आकडा दोन आला म्हणून शौचातून रक्त जात असूनही कुणी निर्धास्त राहिला, तर नुकसान त्याहून मोठं होतं. रोग आहे का, हे सीईएला विचारायचंच नसतं. ज्याला रोग झाला आहे त्याचं पुढे काय होईल, हे विचारायचं असतं.

त्या कामाला मात्र हा आकडा खरोखर उपयोगी पडतो. ऑपरेशनपूर्वी तो खूप वर असेल, तर रोग परतण्याचा धोका जास्त असतो. ऑपरेशननंतर रक्तातलं सीईए निम्म्यावर यायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे चार ते सहा आठवड्यांत आकडा सामान्य व्हायला हवा. झाला नाही, तर रोग कुठेतरी उरला असल्याची शंका घ्यावी लागते. सामान्य होऊन काही महिन्यांनी पुन्हा चढू लागला, तर तो पुनरागमनाचा पहिला इशारा असू शकतो. यकृतात गाठी आल्या असतील तर तो इशारा बऱ्याचदा लक्षणांच्या आधी मिळतो.

असा इशारा मिळून आयुष्य वाढतं का? ब्रिटनमध्ये १२०२ रुग्णांवर झालेल्या फॅक्स नावाच्या चाचणीने हाच प्रश्न विचारला. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचं सीईए नियमित पाहिलं गेलं, त्यांच्यापैकी ६.७ टक्के लोकांचा परतलेला रोग पूर्ण बरं करण्याच्या उद्देशाने पुन्हा शस्त्रक्रिया करून काढता आला. ज्यांची फक्त जुजबी पाहणी झाली, त्यांच्यात हे प्रमाण २.३ टक्के होतं. म्हणजे रोग लवकर सापडला आणि शस्त्रक्रियाही जास्त झाल्या. मृत्यूंच्या संख्येत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. लवकर कळण्याचा फायदा हातात असलेल्या उपायाच्या ताकदीइतकाच असतो, आणि पुढची सगळी गोष्ट वाचताना हे ध्यानात ठेवावं लागेल.

आता नव्या तपासणीकडे वळू. रक्तात पेशींच्या बाहेर डीएनएचे तुकडे तरंगत असतात, हे १९४८ मध्ये मांदेल आणि मेते या फ्रेंच संशोधकांनी दाखवलं होतं. कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांचेही तुकडे रक्तात येतात, आणि त्यांवर त्या गाठीतले जनुकीय बदल जसेच्या तसे असतात. हे तुकडे फार तर एक-दोन तासांत निम्मे होतात. म्हणून ऑपरेशनला काही आठवडे उलटल्यावरही ते सापडत असतील, तर ते काढून टाकलेल्या गाठीचे असू शकत नाहीत. ते सोडणारं काहीतरी शरीरात अजून जिवंत आहे. या डीएनएला सीटीडीएनए म्हणतात.

ऑस्ट्रेलियात जीन टाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्यातल्या २३० रुग्णांचं रक्त तपासलं आणि निष्कर्ष २०१६ मध्ये मांडले. केमो न दिलेल्या १७८ जणांपैकी १४ जणांच्या रक्तात ऑपरेशननंतर हे डीएनए सापडलं होतं. त्या १४ पैकी ११ जणांचा रोग परतला. ज्यांच्यात सापडलं नाही अशा १६४ जणांपैकी १६ जणांचा परतला. पाचक मार्गाच्या कर्करोगात रक्ताच्या एका नमुन्यावरून भविष्य इतकं स्पष्ट दिसल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

भविष्य दिसलं, पण त्यावर निर्णय बेतला तर चालेल का? त्यासाठी याच गटाने डायनॅमिक ही चाचणी केली. ४५५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटात केमोचा निर्णय डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बघून घेतला. दुसऱ्या गटात आधी प्रत्येकाच्या गाठीतले जनुकीय बदल शोधले, मग ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त घेऊन त्यात नेमके तेच बदल आहेत का ते पाहिलं. एकदा जरी सापडले तरी केमो, दोन्ही वेळा नसतील तर नाही. चार आठवडे थांबण्याला कारण आहे : शस्त्रक्रियेच्या जखमांमुळे रुग्णाच्या निरोगी पेशींचंच डीएनए रक्तात इतकं येतं की त्यात गाठीचे तुकडे हरवून जातात.

२०२२ मध्ये निकाल आले. नेहमीच्या गटात २८ टक्के लोकांना केमो मिळाली, रक्तावर बेतलेल्या गटात १५ टक्क्यांना. दोन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण पहिल्यात ९२.४ टक्के, दुसऱ्यात ९३.५ टक्के. केमो जवळजवळ निम्म्यावर आली आणि रोग काही जास्त परतला नाही. कर्करोगाच्या उपचारात नवं औषध आलं की मोठे मथळे होतात. उपचार सुरक्षितपणे कमी करता आले, याचे होत नाहीत. माझ्या दृष्टीने मात्र हा गेल्या दशकातला फार मोठा निष्कर्ष आहे, कारण वाचलेली प्रत्येक केमो म्हणजे कुणाचे तरी सहा महिने, कुणाची तरी नोकरी, कुणाच्या तरी बोटांची संवेदना.

दुसरी बाजू इतकी सुखाची नाही. जपानमध्ये आल्टेअर नावाची चाचणी झाली. स्कॅन स्वच्छ, पण रक्तात सीटीडीएनए आहे, अशा रुग्णांपैकी काहींना ट्रायफ्लुरिडीन-टिपिरॅसिल हे औषध दिलं, काहींना औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. रोग उघड होईपर्यंतचा मध्यम काळ औषधाच्या गटात ९.३ महिने आणि दुसऱ्या गटात साडेपाच महिन्यांच्या आसपास होता. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा ठरला नाही. तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियाच्या गटाने केलेल्या पुढच्या चाचणीतही, रक्त पॉझिटिव्ह आलं म्हणून केमो वाढवल्याने फायदा झाला नाही. म्हणजे धोका कोणाला आहे हे आपल्याला आता बऱ्यापैकी कळतं, पण तो टाळण्याचं पुरेसं ताकदवान साधन अजून हातात नाही. निगेटिव्ह रिपोर्टही पूर्ण हमी देत नाही. पोटाच्या अस्तरावर किंवा फुप्फुसात बसलेला रोग रक्तात फारसं डीएनए सोडत नाही आणि निसटतो.

आणखी काही साध्या आकड्यांबद्दल थोडक्यात. अल्ब्युमिन कमी आणि सीआरपी जास्त असेल, किंवा सीबीसीमध्ये न्यूट्रोफिलच्या मानाने लिम्फोसाइट फार कमी असतील, तर जठर, स्वादुपिंड, आतडं अशा बहुतेक कर्करोगांत पुढची वाट अवघड जाते. ग्लासगोच्या डॉक्टरांनी अल्ब्युमिन आणि सीआरपी मिळून एक गुणपद्धतीच बनवली आहे. हे आकडे गाठीपेक्षा रुग्णाच्या शरीराची अवस्था सांगतात, आणि जंतुसंसर्गानेही बदलतात. पण अल्ब्युमिन घसरलेल्या माणसाच्या खाण्यापिण्याकडे ऑपरेशनआधी लक्ष देता येतं, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्याकडे सीईए काहीशे रुपयांत होतं. सीटीडीएनए त्याच्या कितीतरी पट महाग आहे. ती तपासणी सुचवली गेली तर आपल्या डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर उपचारात काय बदलाल, आणि निगेटिव्ह आला तर काय? दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर तो पैसा चांगल्या आहारासाठी आणि नियमित फॉलोअपच्या प्रवासासाठी राखून ठेवणं बरं.

सीईएबाबत मात्र कसूर नको. आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच्या दिवसांत ते करून घ्या, कारण तो पहिला आकडाच नसेल तर नंतरचे कशाशी ताडून पाहायचे? पुढची पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तसं, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलीत लावा आणि प्रत्येक भेटीला ती फाइल सोबत न्या.