वैजयंतीचा शेठ आणि मळवलीचं स्टेशन

पुण्याहून निघालेली लोकल कामशेत सोडते तेव्हा डब्यातल्या बहुतेकांना लोणावळ्याचे वेध लागलेले असतात. त्याच्या एक स्टेशन आधी मळवली येतं. गाडी जेमतेम थांबते, पाठीवर पिशव्या अडकवलेली चार पोरं आणि बाजार करून परतणाऱ्या दोन-तीन मावश्या उतरतात आणि फलाट पुन्हा रिकामा होतो. मावळ पाहायचा असेल तर उतरायची जागा हीच. रुळांच्या दक्षिणेला भाजे, लोहगड आणि विसापूर, उत्तरेला महामार्गापलीकडच्या डोंगरात कार्ले. पंचवीसएक किलोमीटरच्या टापूत दोन हजार वर्षं पसरलेली आहेत, आणि लोणावळ्याला गेलेले बहुतेक पर्यटक त्यातलं काहीही न पाहता चिक्कीचे पुडे घेऊन घरी परततात.

कार्ल्यापासून सुरुवात करावी. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नारळ, ओटीचं सामान, हिरव्या बांगड्या, पेढे यांची दुकानं. वर पोचलं की आधी एकवीरा आईचं देऊळ लागतं आणि त्याच्या अगदी मागे, काळ्या कातळात, भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर उंच. समोर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेला स्तंभ आहे. तो महारठी अग्निमित्रणकाने दिल्याचं त्याच्यावरच कोरलेलं आहे. अशा दोन स्तंभांची योजना असावी आणि दुसऱ्याच्या जागी आज देऊळ उभं आहे, असं अभ्यासक मानतात.

ओसरीत शिरल्यावर डाव्या टोकाला ब्राह्मी अक्षरांची एक ओळ दिसते. वाटाडे ती फारशी दाखवत नाहीत, पण या सगळ्या डोंगरातली सर्वांत अभिमानी ओळ तीच असेल. वैजयंतीहून आलेल्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असं ती सांगते. वैजयंती म्हणजे बनवासी. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, वरदा नदीच्या काठी आजही हे गाव आहे. पुढे ते कदंब राजांची राजधानी झालं. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. इतक्या लांबच्या दक्षिणी नगरातला शेठ मावळातल्या डोंगरावर पैसा का ओतेल?

या प्रश्नाचं उत्तर पश्चिमेला, बारा-पंधरा किलोमीटरवर आहे. तो बोरघाट. सोपारा, कल्याण या बंदरांतून उतरलेला माल घाटमाथ्यावर यायचा तो अशाच मोजक्या घाटवाटांनी. वाट जिथे चढून दमते तिथे लेणी आहेत, हे केवळ योगायोगाने झालेलं नाही. भिक्षूंना दान मिळायचं, तांड्यांना मुक्काम आणि ओळखीपाळखी. गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हा सगळा परिसर पायी धुंडाळला होता. व्यापारी वाटा आणि विहार यांचं नातं त्यांनी दाखवून दिलं, तेव्हापासून मावळातली लेणी केवळ धर्माच्या नव्हे, तर बाजाराच्या इतिहासातही वाचली जाऊ लागली.

आत जावं आणि थोडं थांबावं. डोळे अंधाराला सरावले की खांब दिसू लागतात: दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे अर्धवर्तुळात सात साधे, मिळून ३७. पायाशी घट, वर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्वार झालेली जोडपी. स्त्रियांच्या हातातल्या बांगड्या, पुरुषांचे फेटे, एकमेकांच्या खांद्यावर टाकलेले हात, सगळं ओळखीचं वाटतं. मग मान वर करावी. छताला कमानीसारख्या बसवलेल्या लाकडी फासळ्या आहेत. त्या मूळच्या आहेत. स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा तेव्हाचीच. दोन हजार पावसाळे या डोंगरावर कोसळून गेले आणि लाकूड अजून जागेवर आहे!

दगडी छताला लाकडी फासळ्यांचा आधार लागत नाही. मग त्या कशाला? आधीची चैत्यगृहं लाकडाची बांधली जात, आणि कातळ कोरतानाही कारागिरांच्या हातात तीच घडण राहिली. दाराशेजारचा एक लेख ही गोष्ट पक्की करतो. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी काम केलं, असं तो सांगतो. दगडाच्या कामावर नाव आहे ते सुताराचं. दाराचं दान सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं. खांबांवर त्याच धेनुकाकटच्या यवनांची, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांची नावं आहेत, एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूचा आहे. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, सातवाहन राजे गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही राजेलोकांची नावंही लेखांत येतात. शक आणि सातवाहन एकमेकांशी लढले, पण करजिक नावाचं गाव वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना दोघांनीही दिलं. तरी लक्षात राहतो तो सामी.

चैत्रात एकवीरेची यात्रा भरते तेव्हा याच अंगणात पाय ठेवायला जागा नसते. आगरी, कोळी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची ही कुलदेवता. रायगड, ठाणे, मुंबईच्या कोळीवाड्यांतून पालख्या येतात. ढोल, गुलाल, डोक्यावर मानाचं ताट घेतलेल्या बायका. समुद्रावरून घाट चढून इथवर येण्याची रीत आजही चालू आहे. देवीचं दर्शन घेऊन तसंच खाली उतरणाऱ्यांनी मागच्या लेण्यासाठी एक तास काढावा, एवढंच मनापासून सांगावंसं वाटतं.

भाजे कार्ल्याहून दोन-अडीचशे वर्षांनी जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. इथल्या चैत्यगृहाची दर्शनी बाजू संपूर्ण उघडी आहे, कारण ती लाकडाची होती आणि गेली. दगडातल्या खाचा तेवढ्या राहिल्या. खांब आतल्या बाजूला किंचित झुकलेले, पुन्हा लाकडी बांधणीचीच सवय. दक्षिणेच्या टोकाला असलेल्या विहारात चार घोड्यांच्या रथातला सूर्य आणि हत्तीवर बसलेला इंद्र मानला जाणारा पट आहे. त्यात तबल्यासारखी दोन वाद्यं वाजवणारी एक स्त्री शोधायला मुलांना फार आवडतं. पावसाळ्यात खालच्या धबधब्यावर जत्रा लोटते आणि वर लेण्यात शुकशुकाट असतो.

भाज्याच्या वाटेनेच पुढे गायमुख खिंड लागते. एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. शिवाजी महाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या किल्ल्यांत लोहगड होता, तो १६७० मध्ये परत आला. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी एकामागून एक चार दारं सर्पाकार वाटेवर उभी आहेत. एकातून सुटलेला शत्रू पुढच्याच्या तोंडी सापडावा अशी. पश्चिमेला विंचवाच्या नांगीसारखी बाहेर आलेली माची म्हणजे विंचूकाटा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत लोहगड आहे. बारांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, जिथून राजाराम महाराजांनी स्वराज्य जागतं ठेवलं. भूतपालानंतर मावळाची आणि दक्षिणेची नावं अशी पुन्हा एका यादीत आली.

घाटवाटेने सैन्यंही आणली. राघोबादादांना पेशवाईवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली, तेव्हा ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट तोफगोळ्याने पडला. त्याच्या धडाडीमुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटलं. पुढे वडगावला महादजी शिंद्यांच्या सैन्याने फौजेची पुरती कोंडी केली आणि इंग्रजांना तह करावा लागला. मावळातली माणसं शत्रूच्या शौर्याचं नाव इतकी वर्षं जिभेवर ठेवतात, हे विशेष आहे.

१८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर आली. बोगदे आणि पूल उभारताना हजारो मजुरांनी जीव गमावले. त्यांची नावं मात्र कुठल्या कातळावर नाहीत. आजही मुंबईकडून येणाऱ्या लांबच्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्याला सुटतात.

मावळ पाहून झाल्यावर जेवण इथेच घ्यावं. नाणे, पवन आणि आंदर मावळातल्या खाचरांत पिकणारा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रात तयार झाला. गरम, किंचित चिकट, वासाचा भात आणि त्यावर पिठलं.

वेळ उरला तर, खरं म्हणजे वेळ काढूनच, बेडसे गाठावं. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने गाव लागतं, तिथून पायऱ्या. समोर कातळाची भिंत तशीच सोडलेली आहे. तिच्यातल्या अरुंद बोळातून आत शिरेपर्यंत काहीच दिसत नाही, आणि मग एकदम चार उत्तुंग खांब अंगावर येतात. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी आतल्या भिंती साफ करायला लावल्या आणि चैत्यातली रंगवलेली चित्रं पुसली गेली. शेजारचा विहार चौकोनी नाही, चैत्यासारखाच गजपृष्ठाकार आहे. इथे दान आहे नाशिकच्या आनंद शेठच्या मुलाचं, पुष्यणकाचं. लेणं पूर्वाभिमुख. सकाळी लवकर गेलं तर उन्हाची तिरीप त्या बोळातून आत येते आणि खांबांवरच्या घोडेस्वारांचे चेहरे उजळतात. त्या वेळी तिथे बहुधा दुसरं कुणी नसतं. खालच्या गावातला कोंबडा तेवढा ऐकू येतो.