उंदराने दखल न घेतलेला दिवा

कुत्र्याच्या कातडीला एकाच वेळी स्पर्शही करायचा आणि गारवाही द्यायचा, लगोलग तोंडात सौम्य आम्ल सोडायचं. काही दिवसांनी नुसत्या स्पर्शानं लाळ सुटते. नुसत्या गारव्यानं टिपूसही नाही. पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतली ही हकीकत १९२७ साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या व्याख्यानांत आहे. गारवा एकटा दिला, तर कुत्रं तोही शिकतं. सोबत जोरकस खूण आली की दुबळी झाकोळते. घंटा आणि लाळ घोकताना हे कुत्रं आपल्याला क्वचितच भेटतं.

पुढची चाळीसेक वर्षं ढोबळ समजूत हीच राहिली, की दोन गोष्टी वारंवार जोडीनं आल्या की प्राणी त्यांची गाठ मारतो. तिला खरा तडा दिला मानसशास्त्रज्ञ लिऑन कामिन यांनी. मॅकार्थीच्या कम्युनिस्ट-शोधाच्या दिवसांत त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे इतरांची नावं घ्यायला नकार दिला होता. खटला झाला, त्यातून ते सुटले. पण तोवर अमेरिका सोडून कॅनडा गाठावा लागला होता. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठात त्यांनी उंदीर हाती घेतले.

भुकेला उंदीर पेटीत खाण्यासाठी दांडी दाबतो आहे. मध्येच तीन मिनिटं खरखराट, शेवटी पायांना विजेचा झटका. असं सोळा वेळा. मग खरखर सुरू झाली रे झाली की दांडी सुटते, उंदीर जागीच थिजतो. आता खरखरीबरोबर दिवाही लावायचा, शेवटी तोच झटका, आठ वेळा. अखेरीस नुसता दिवा. आणि उंदीर आपला दांडी दाबतोच आहे! मोजमापात ०.५ म्हणजे भीती नाही, शून्य म्हणजे पूर्ण थिजणं. या उंदरांचा आकडा आला ०.४५. ज्यांना आधी नुसती खरखर ऐकवलीच नव्हती, त्यांचा ०.०५. दिवा आणि झटका दोन्ही गटांनी आठच वेळा एकत्र अनुभवले होते.

मला मात्र पुढची चाल जास्त आवडते. दिवा जोडतानाच झटका एकावरून चार मिलिअँपिअरवर नेला, आणि उंदीर दिव्यालाही घाबरू लागले. आधीचा हिशेब चुकला, तेव्हा कुठे त्यांनी नव्या खुणेकडे पाहिलं.

१९७२ साली रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी हाच हिशेब एका ओळीच्या सूत्रात बसवला. जे घडलं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा करा. उरेल तेवढंच शिकणं, आणि हजर असलेल्या सगळ्या खुणांची अपेक्षा एकत्रच धरायची. मॅकिन्टॉश यांनी १९७५ मध्ये दोष लक्षाला दिला: निरुपयोगी खुणेवरून प्राण्याचं लक्षच उडतं. पुढे २००१ मध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींतही तेच दिसलं. ज्या चित्राचं काम आधीच्या खुणेनं बळकावलं होतं, त्याला या पेशी फारशी दादच देईनात.

आणि मग २०१६. नायमेखेन आणि ल्युव्हेनच्या संशोधकांनी पंधरा प्रयोग छापले. कामिन यांचा परिणाम एकातही मिळाला नाही. माझा संशय असा, की तो निकाल सगळ्यांना इतका पाठ झाला होता, की उलट निकाल आले तरी कपाटात पडून राहिले असावेत. २०१८ मध्ये फाबियान सोटो यांनी उत्तर दिलं, की आजच्या सिद्धांतांप्रमाणे हे अपयश अनपेक्षित नाहीच: दोन खुणा एकमेकींसारख्या असल्या की प्राणी त्यांच्या जोडीकडे एक वेगळीच गोष्ट म्हणून पाहू शकतो.

कामिन यांच्या पेटीतली एक खूण मात्र कानाची होती, दुसरी डोळ्यांची.