मेन स्विच बंद केला, पुढें?

गेल्या नवरात्रांत आमच्या जुन्या घराच्या माजघरांतील तार बदलण्यास वायरमन आला होता. तो शिडीवर असतां, टाकींत पाणी चढेना म्हणून आमच्या पुतण्यानें जाऊन मेन स्विच चालू केला! सुदैवानें त्या कसबी माणसानें फ्यूज आधींच काढून खिशांत ठेविला होता. म्हणून अनर्थ टळला.

घरांत माणसें अनेक व स्विच एक. तेव्हां ही गोष्ट सर्वांनींच समजून घेतली पाहिजे. आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्टची. मेन स्विच फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा तोडणारा असावा. तो बंद करून त्यास कुलूप लावावें, अथवा फ्यूज काढून वायरमननें स्वतःजवळ ठेवावा. इन्व्हर्टर असल्यास तोही सोडवावा. कारण बाहेरची वीज जातांच तो आपण होऊन वीज देऊं लागतो. मीटरकडून स्विचपर्यंत आलेल्या तारा मात्र जिवंतच राहतात. तेथें वीज कंपनीच्या माणसावांचून कोणीं हात घालूं नये.

आतां परीक्षा. स्विच बंद आहे म्हणून वीज नाहीं, हें केवळ अनुमान. येथें प्रत्यक्षच पाहिजे. परीक्षेचें साधन प्रथम जेथें वीज निश्चित आहे तेथें लावावें, मग कामाच्या जागीं, आणि शेवटीं पुन्हा पहिल्या जागीं. म्हणजे साधनच बिघडलेलें नव्हतें अशी खात्री पटते.

काम चालू असतां घरांतील एका वडील माणसानें स्विचापाशीं बसावें, असा नियम आम्हीं आतां घातला आहे. पाणी तासभर उशिरां चढलें तरी चालेल; शिडीवरच्या माणसाचीही घरीं कोणी वाट पाहत असतें.