बोटीवरचे ‘बफन’

पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूत निळसर फुगे येऊन पडतात. लोक त्यांना ‘ब्लू बॉटल’ म्हणतात. फुग्याखाली लोंबणाऱ्या दोऱ्यांत दंशपेशी ठासून भरलेल्या असतात, त्यामुळे हात लावला की आग आग होते. शास्त्रीय नाव फायसेलिया. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज पोराने भर समुद्रात हा प्राणी कापून पाहिला होता.

थॉमस हेन्री हक्सली आपल्याला ठाऊक असतो तो डार्विनचा कैवारी म्हणून. मला त्याच्या आधीचा हक्सली जास्त आवडतो. डोक्यावर कर्ज, पदवी अर्धवट, नोकरी आरमारात साहाय्यक सर्जनची. डिसेंबर १८४६ मध्ये ‘रॅटलस्नेक’ ही बोट ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडच्या समुद्राची मोजणी करायला निघाली, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. नावावर एकच निबंध, तोही केसाच्या मुळाभोवतीच्या एका थराविषयी. (तो थर आजही ‘हक्सलीचा थर’ म्हणूनच शिकवतात.)

बोटीवर अधिकृत निसर्गतज्ज्ञ वेगळा होता, जॉन मॅकगिलिव्हरे. हक्सलीने आपल्यासाठी निवडले ते कोणाच्याच फारशा कामाचे नसलेले प्राणी: जेलीफिश आणि त्यांचे भाऊबंद. निवड मोठी हुशारीची. जेलीफिशच्या अंगात ९५ टक्क्यांहून जास्त पाणी. स्पिरिटच्या बरणीत घालून लंडनला पाठवावी, तर तिथे पोचणार आक्रसलेला गोळा. म्हणजे जे पाहायचं ते पकडल्या पकडल्या, ताजंच पाहायला हवं, आणि ते संग्रहालयात बसलेल्या पंडितांना जमणारं नव्हतं. याने नकाशांच्या खोलीत सूक्ष्मदर्शक टेबलाला बांधून टाकला आणि बोट डुलत असताना काम सुरू केलं. फळीवर बफन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या नावाच्या मालिकेतलं एक पुस्तक होतं. ते नाव पाहून बोटीवरच्या पोरांनी त्याच्या प्राण्यांनाच ‘बफन’ म्हणायला सुरुवात केली.

त्याला दिसलं ते असं. जेलीफिश कोणतीही घ्या, तिचं अंग दोन पापुद्र्यांचं बनलेलं असतं, एक बाहेरचा आणि एक आतला. फायसेलियासारख्या तरंगत्या प्राण्यांची ठेवणही तीच, गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या हायड्राचीही तीच. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए याच्या वर्गीकरणात जेलीफिश आणि तारामासा एकाच गाठोड्यात होते, कारण दोघांचा आकार चाकासारखा. हक्सलीने बाहेरचा आकार बाजूला ठेवून घडण पाहिली. मग त्याने एक वाक्य लिहिलं, माझ्या मते जेलीफिशवरच्या त्याच्या साऱ्या निबंधातलं सर्वांत मोलाचं: या दोन पापुद्र्यांचं नातं वाढत्या गर्भातल्या बाहेरच्या आणि आतल्या थरांसारखं आहे. कोंबडीच्या अंड्यातली सुरुवात आणि जेलीफिशचा पूर्ण वाढलेला देह त्याने शेजारी आणून ठेवले. उत्क्रांतीचा तो अजून पुरस्कर्ताही नव्हता!

निबंध तो धाडत राहिला लंडनच्या लिनियन सोसायटीकडे. उत्तर नाही. नोहाने तारवातून सोडलेल्या कावळ्यासारखी त्यांची गत झाली, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. शेवटी जेलीफिशवरचा मोठा निबंध त्याने रॉयल सोसायटीकडे रवाना केला. बोटीचे कॅप्टन ओवेन स्टॅन्ली यांचे वडील नॉर्विचचे बिशप होते आणि लिनियन सोसायटीचे अध्यक्षही. निबंध पुढे सरकला तो त्यांच्या हातून. १८४९ साली रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकात तो छापलाही गेला. लेखकाला मात्र पत्ता नाही, कारण बोट आज इथे, उद्या तिथे.

१८५० च्या अखेरीस तो घरी परतला, तेव्हा छापील प्रतींचा मोठा गठ्ठा त्याची वाट पाहत होता. आभार मानायला बिशप उरले नव्हते, कॅप्टनही सिडनीतच वारले होते.

पुढच्याच वर्षी, सव्विसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८५२ मध्ये रॉयल मेडल मिळालं. पण सफरीवरचं सगळं काम पुस्तकरूपाने छापायला आरमार पैसे देईना. १८५४ मध्ये त्याला पुन्हा बोटीवर रुजू होण्याचा हुकूम आला, तो त्याने धुडकावला आणि आरमाराच्या यादीतून त्याचं नाव कटलं. फायसेलिया आणि तिच्या गोतावळ्यावरचं त्याचं पुस्तक अखेर निघालं १८५९ मध्ये. त्याच नोव्हेंबरात डार्विनचं पुस्तक दुकानात आलं, आणि हक्सली स्वतःच त्याच्या मागे धावत सुटला.