बेकारी नशिबात लिहिलेली नसते

रविवारी विहारात वंदना आटोपली की आम्ही थोडा वेळ थांबतो. कुणाचा अर्ज लिहून द्यायचा असतो, कुणाचा फॉर्म भरायचा असतो. परवा एक माउली म्हणाली, "मुलगा पदवीधर झाला, पण घरीच बसून आहे. आमचं नशीबच फुटकं!" शेजारी तिचे सासरे बसले होते, जुने गिरणी कामगार. ते म्हणाले, "आजची पोरंच आळशी." मुलगा खाली मान घालून उभा होता.

दुःखाला कारण असते, असे तथागतांनी शिकवले. बेकारी हे दुःखच आहे. मग तिचे कारण शोधायचे सोडून आपण नशिबाकडे बोट का दाखवतो?

मुंबईच्या गिरण्यांचेच पाहा. कापडाला गिऱ्हाईक असेल तरच गिरणीला कामगार लागतो. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गिरण्यांतील मजुरी कापली गेली आणि १९३४ मध्ये कामगारांना संप करावा लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढली, तेव्हा त्याच गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या. कामगार मंदीत आळशी होता आणि तेजीत कष्टाळू झाला, असे कुणी म्हणेल काय?

दुसरी गोष्ट उत्पादकतेची. एका पाळीत एक कामगार किती माल काढतो, ती त्याची उत्पादकता. ती वाढावी, याला आमचा विरोध नाही. पण वाढलेल्या मालाचा पैसा कुणाच्या पदरात पडणार आणि रिकामा झालेला कामगार कुठे जाणार? १९२८ चा सहा महिन्यांचा संप याच प्रश्नावर पेटला. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराकडे तीन माग देण्याचा मालकांचा विचार होता. म्हणजे तिसऱ्या मागावरचा माणूस घरी जाणार!

बाजाराला जात नसते, असे सांगितले जाते. पण त्याच गिरण्यांत, जिथे मजुरी जास्त, त्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे, म्हणून इतरांना विटाळ होई. हात कितीही कसबी असला तरी त्याला हलक्या मजुरीच्या खात्यातच राहावे लागे. हा अन्याय बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या नेत्यांपुढे ठणकावून मांडला.

मग गिरण्या गेल्या कशा? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपामुळे सारे बुडाले, असे आजही म्हटले जाते. पण अनेक मालकांनी जुनी यंत्रे बदललीच नव्हती. भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागावर कमी मजुरीत कापड निघत होते. पुढे कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली. १९९१ च्या विकास नियमावलीने ती जमीन विकसित करण्याची वाट मोकळी केली. २००१ च्या बदलाने घरांसाठी व मैदानांसाठी मिळायचा वाटा आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. जिथे भोंगा वाजत होता तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले.

आज कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले आहे. काम वर्षभराचे, पण माणूस मात्र काही महिन्यांचा. अशा कामगाराला कसब वाढवायला ना वेळ मिळतो, ना उमेद राहते.

यावर उपाय नाही असे नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात सेवायोजन कार्यालये सुरू झाली आणि १९४६ मध्ये कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजाला असा सल्ला दिला आहे की, शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला योग्य वेतन द्या, म्हणजे राज्यातली लुटालूट आपोआप थांबेल. रोजगार देणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, हे आपल्या धम्मात इतक्या स्पष्टपणे सांगितलेले आहे.

घराघरात आपण काय करायचे? कंत्राटी कामावर असाल तर नेमणुकीचा कागद आणि पगाराची पावती मागा. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर तो खात्यात जमा होतो का, ते तपासा. एकट्याने भांडण्यापेक्षा युनियनमध्ये जा. पदवीबरोबर हाताला एखादे कसब शिकवा, मुलालाही आणि मुलीलाही. आणि बेकार मुलाला टोमणे मारू नका. बाहेर अपमान गिळून आलेल्याला निदान घरात तरी मान वर करता आली पाहिजे.

त्या आजोबांना आम्ही एवढेच विचारले, "बाबा, तुमची गिरणी बंद पडली, तेव्हा तुम्ही आळशी होतात का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थोडे सरकले आणि नातवाला म्हणाले, "बस इथं."

जय भीम!