आधी कान, मग जीभ

खालापूरच्या कुंभिवलीत कोणालाही विचारा: दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा देणारा ‘जग’, दोन्हींतला ज एकच का? लिहायला एक, उच्चाराला दोन. हा फरक फळ्यावर दिसत नाही, कानालाच कळतो.

इंग्रजीतली पश्चिम आणि बनियन आपल्याला सारखीच ‘वेस्ट’ ऐकू येतात. एकीत ओठ गोल होतात, दुसरीत वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. कानाची ही सवय बाळपणीच लागते: वर्कर आणि टीस या संशोधकांनी १९८४ साली दाखवले, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ट-त वेगळे कळतात. वर्षाच्या आत ती जाण ओसरते. म्हणून मुलांना ‘वेस्ट’सारख्या जोड्या आधी भरपूर ऐकवाव्यात, म्हणवून घ्याव्यात, स्पेलिंग नंतर. जपानी ‘त्सुनामी’ मात्र आपल्याला सोपी, तिची सुरुवात ‘चमचा’तल्या च सारखीच!