आधी सनस्क्रीन, मग फाउंडेशन!

पारा पंचेचाळिशीला टेकलेला, चेहऱ्यावर मेकअप, त्यावर स्टोल आणि त्यावर हेल्मेट. या सगळ्याच्या खाली लावायचं तरी काय?

मे महिन्यात बोरी अरबला जायचा योग आला. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूची कपाशीची रानं तेव्हा रिकामी, काळी, तापलेली. माझी मावसबहीण इथे एका बँकेत आहे. दारव्ह्याहून रोज स्कूटीने अप-डाउन करते.

सकाळी घरातून निघतानाचा तिचा थाट बघण्यासारखा! फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, काजळ, लिपस्टिक, सगळं कसं फिट. मग त्या तयार चेहऱ्याभोवती स्टोलचे तीन वेढे, वर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. बँकेत पोचून स्टोल सोडला की निम्मं कॉम्पॅक्ट स्टोलला आणि उरलेलं घामाच्या ओघळांत. मग आरशासमोर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे गमतीचं वाटत होतं, तोवर तिने रात्री चेहरा धुतला. दोन्ही गालांच्या हाडांवर तपकिरी डाग. वांग. दोन वर्षांपूर्वी इवलासा होता, आता नाकावरही उतरलाय. डाग दिसू नये म्हणून फाउंडेशनचा थर वाढला होता. ‘अगं, सनस्क्रीन लावतेस ना?’ मी विचारलं.

‘आहे ना वं ताई, फाउंडेशनमध्येच! एसपीएफ पंधरा लिहून आहे त्याच्यावर. अजून कायले वेगळं लावू?’

मैत्रिणींनो, खरं सांगा. तुमचंही उत्तर हेच आहे ना?

पंधराचे होतात किती?

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तेव्हा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. म्हणजे चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. निम्मं लावलं तर संरक्षणही निम्मं, किंवा त्याहून कमी. आता एवढं फाउंडेशन कोण लावतं? लावलंच, तर ऑफिसऐवजी थेट दशावताराच्या रंगमंचावर जावं लागेल! फाउंडेशन आणि कॉम्पॅक्टमधला एसपीएफ हा बोनस समजा, पगार नव्हे.

चोख मापाने लावलं तर एसपीएफ १५ यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९३ टक्के अडवतो, ३० साधारण ९७ आणि ५० साधारण ९८. तीस आणि पन्नासमध्ये फरक एवढासाच. पण आपण सगळ्याच कमी लावतो, म्हणून सुरुवातच पन्नासने केलेली बरी. एसपीएफ मात्र मुख्यतः यूव्हीबीबद्दल, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांबद्दल बोलतो. त्वचा काळवंडवणारे आणि वय वाढवणारे यूव्हीए किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. त्यासाठी ट्यूबवर ‘पीए’ आणि पुढची अधिकची चिन्हं बघायची. ही पद्धत जपानची, १९९६ पासूनची. तीन अधिक तरी हवेतच, चार असतील तर उत्तम.

सोपी टेस्ट हवी? दोन बोटांच्या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिन्यात संपायला हवी. तुमची दिवाळीत आणलेली अजून चालू असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, दाखवता!

ऊन वेगळं, उकाडा वेगळा

वऱ्हाडात उन्हाची भीती आहे, पण ती तापमानाची. कांदा खिशात ठेवू, कूलर लावू, दुपारी बाहेर पडणार नाही. पावसाळा लागला की मात्र सगळं बिनधास्त. प्रत्यक्षात अतिनील किरणांना पाऱ्याशी देणंघेणं नाही, सूर्य किती डोक्यावर आहे याच्याशी आहे. यवतमाळच्या अक्षांशावर सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा: एकदा मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात. हेच ते शून्य सावलीचे दिवस. म्हणजे पेरण्या आटोपून सगळे हिरवळीचे फोटो काढत असतात, तेव्हाही ढगांच्या मागे सूर्य मेइतकाच उंच असतो. दाट ढग बरंच अडवतात, विरळ ढग फारसं नाही. बहिणीची ट्यूब जूनमध्ये कपाटात जायची. वांग मात्र कपाटात जात नव्हता.

आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, म्हणून ती पटकन भाजत नाही, हे खरं. पण डाग धरायला तीच पुढे! वांगामागे हार्मोन्स, गर्भारपण, काही गोळ्या, आनुवंशिकता असं बरंच काही असतं, पण ऊन त्याला रोज खतपाणी घालतं. आणि फक्त अतिनील किरणच नव्हे, डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा. तो साध्या सनस्क्रीनने नीट अडत नाही, आयर्न ऑक्साइड असलेल्या टिंटेड सनस्क्रीनने बराच अडतो. वांग असलेल्या मुलींसाठी ही खूशखबर, कारण टिंटमुळे फाउंडेशनची गरजही निम्मी होते.

इथे एक गंभीर गोष्ट. बहिणीच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी ट्यूब होती, कुणीतरी ‘गोरं करणारी’ म्हणून दिलेली. मागे बारीक अक्षरात घटक वाचले तर त्यात स्टिरॉइड! अशा क्रीमने आधी चेहरा झकास उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते, आणि क्रीम सोडलं की सगळं दुपटीने उसळतं. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मैत्रिणीची मैत्रीण ती देतेच. ती ट्यूब हातात घेऊन आम्ही थेट यवतमाळला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. वांगाचं औषध डॉक्टरच ठरवणार. आणि त्यांनी सांगितलं, सनस्क्रीनशिवाय त्या औषधाला अर्थ नाही.

सनस्क्रीन गोरं करत नाही हेही एकदा सांगून टाकते. १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून टाकलं, आपल्या डोक्यातून ते अजून निघायचंय.

मग घ्यायचं कोणतं?

जे मेकअपखाली गप्प बसेल ते! बहिणीची पहिली ट्यूब झिंक ऑक्साइडची होती. नाजूक त्वचेला ते चांगलं, पण तिच्या रंगावर राखाडी झाक आली. ‘पिठाच्या गिरणीतून आल्यावानी दिसते वं!’ ती म्हणाली आणि ट्यूब बाजूला गेली. दुसरं दाट क्रीम, थंडीत ठीक, मेमध्ये चेहऱ्यावर तेलाचा डबा. तिसरं पाण्यासारखं हलकं जेल. ते जिरलं छान, पण वरून सिलिकॉनचा प्रायमर लावताच रबराने खोडल्यासारख्या गोळ्या निघाल्या. दोष दोघांपैकी एकाचाही नाही, जोडी जमत नव्हती. प्रायमर काढून टाकला, गोळ्या बंद. तसंही बरीच सनस्क्रीन्स प्रायमरचं काम करतातच. शेवटी तिला पटलं ते मॅट टिंटेड, एसपीएफ ५०.

तुमचं वेगळं असेल. मुंबईच्या दमट हवेत जेल लागेल, कोरड्या त्वचेला क्रीमच हवं. म्हणून ब्रँडचं नाव सांगत नाही. लहानात लहान ट्यूब घ्या, सुट्टीच्या दिवशी नाही तर ऑफिसच्या दिवशी लावा, आणि संध्याकाळी खिडकीपाशी उभं राहून आरशात बघा. डोळे चुरचुरले, पुरळ आलं, तर ट्यूब बदला.

लावण्याचा फंडा असा: मॉइश्चरायझर आवश्यक असेल तरच, तेही कमी. दोन बोटांचं सनस्क्रीन एकदम न थापता दोन हप्त्यांत. मधे चहा प्या! दहा-पंधरा मिनिटांनी मेकअप, पण घासून नाही, ओल्या स्पंजने थापटून. घासलंत की खालचा थर निघालाच.

दर दोन तासांनी पुन्हा लावा, असं ट्यूबवर लिहिलेलं असतं. बाहेर फिरतीचं काम असेल तर ते पाळावंच. पण दिवसभर खिडकीपासून लांब बसणाऱ्यांनी निदान उन्हात निघायच्या आधी तरी लावावं. टिश्यूने घाम-तेल टिपा, हलकं सनस्क्रीन स्पंजवर घेऊन थापटा. मेकअप थोडा हलतो, मान्य. पण घरीच तर जायचंय!

बहिणीने मात्र यावर आमच्या सगळ्यांपेक्षा भारी तोडगा काढलाय. घरी फक्त सनस्क्रीन. ते बसलं की झुळझुळीत शिफॉनऐवजी घट्ट विणीचा सुती स्टोल, वर हेल्मेट. मेकअपची पिशवी डिकीत. बँकेत पोचल्यावर स्टोल घासला गेलेल्या जागी, म्हणजे नाक आणि गालांवर, पुन्हा थोडं सनस्क्रीन, मग कॉम्पॅक्टचा एक हात, काजळ आणि लिपस्टिक. परवा फोनवर म्हणत होती, ‘वांग एकदम जाईन असं नाही वं, डॉक्टर बोलले महिने लागते. पण फाउंडेशनची बाटली दोन महिने झाले, संपूनच नाही राहिली!’